घसा बसल्यावर

ती. अण्णा,

माझ्या लग्नाला तुम्ही आला नाहीत. "तो शिवाजी पेठेतला बोलघेवडा, तू मुखदुर्बळ. संसाराला स्वभाव सारखे लागतात," एवढंच म्हणाला होतात.

मोहित बोलतो, हे खरंच आहे. गॅसवाल्यालाही चहा पाजून, गप्पा मारूनच सोडतो. काल त्याच्या पेठेच्या टीमची फुटबॉलची फायनल होती. मी शेजारी गप्प बसून खारे शेंगदाणे खाल्ले, तो दोघांच्या वाटणीचं ओरडला. टीम हरली आणि आज त्याचा घसा पार बसलाय.

त्यामुळं सकाळपासून मीच बोलतेय. दूधवाल्याशी, मोहितच्या ऑफिसशी. मित्र आले तेव्हा मॅच कशी घालवली तेही मीच सांगितलं. एक जण म्हणाला, "वहिनी, तुम्ही बोलता व्हय?" मोहित कोपऱ्यात गरम पाणी पीत ऐकत होता. मी थांबले, तर हातानं खूण केली, अजून सांग. असं मला आजवर कुणी म्हटलं नव्हतं.

आपल्या चंदगडच्या घरात कधी भांडण झालं नाही. आई गेली तेव्हाही आपण दोघं शेजारी बसून राहिलो, एकमेकांना काही विचारलं नाही. आपले स्वभाव अगदी सारखे, अण्णा. दिवाळीला मी फोन लावला, तुम्ही उचलला, आणि दोघंही समोरच्यानं बोलायची वाट बघत राहिलो. शेवटी फोन कट झाला.

हे पत्र मी टाकणार नाही. मोहितचा घसा मोकळा झाला की त्यालाच तुम्हाला फोन लावायला सांगणार आहे. तो बोलेल. आपण दोघं ऐकू.

तुमचीच,
वल्लरी