पाय उचलून उतरा

ता. ३ फेब्रुवारी

चि. खटपटीस,
अनेक आशीर्वाद.

फोनवर आपण दोघंही लगेच तापतो, म्हणून कागद घेतला. कागद मध्येच बोलत नाही.

लहानपणी घरातली इस्त्री उघडून बसायचीस म्हणून तुझं हे नाव पडलं. आता अख्खी इमारतच उघडून ठेवलीस. चार दिवस सुट्टीला आलीस, आराम करशील असं वाटलं होतं. पण पहिल्याच दिवशी लिफ्टमधून उतरताना तुझ्या भुवया वर गेल्या. लिफ्टची इंजिनिअर पडलीस, लगेच देखभाल कंपनीच्या कारागिराला बोलावलंस, त्याच्याबरोबर यंत्रखोलीत शिरलीस आणि निघताना लिफ्ट बंद, मेन स्विचला कुलूप आणि किल्ली माझ्या हातात. दारावर पाटी, "धोका. चालवू नये." खाली तुझी सही. सचिव मी आणि हुकूम तुझा.

आता माझे हाल ऐक. नवव्या मजल्यावरचे वकीलसाहेब जिन्यात गाठून कायदा सांगतात. पाचव्या मजल्यावरची दातांची डॉक्टर गोड हसते, पण ते हसणं काही बरं नव्हे. इमारतीच्या ग्रुपवर तुझं नाव 'लिफ्टवाली' पडलं आहे. सगळ्यांचं म्हणणं एकच, की लिफ्ट मजल्यापेक्षा दोन बोटं खाली थांबते यात नवीन ते काय? वर्षभर तशीच थांबते आहे. म्हणून तर मी स्वतःच्या हाताने आत पाटी रंगवून लावली, "पाय उचलून उतरा". तेव्हापासून कुणी अडखळलेलं नाही. आपल्या पायाकडे आपण बघावं, ही माणसाची जबाबदारी. उठसूट यंत्राला बोल कशाला? इतकी वर्षं गणित शिकवलं, पण उत्तर चुकल्यावर पेन्सिलीला दोष देणारा विद्यार्थी मी कधी खपवून घेतला नाही.

नवा भाग यायला महिना लागेल म्हणतात. त्याआधीच तुझी आत्या खुब्याचं ऑपरेशन करून घरी यायची आहे. आपलं घर सहाव्या मजल्यावर आहे, हे तुला आठवत असेलच. किल्ली माझ्या खिशात आहे. काय करू ते कळव.

आई म्हणते, वेळेवर जेवत जा. लोभ आहेच, सध्या जरा रागाखाली दबला आहे.

तुझे बाबा


ता. ८ फेब्रुवारी

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. अक्षर नेहमीसारखं सुरेख, मजकूर नेहमीसारखा तिखट.

लिफ्ट दोन बोटं खाली थांबते म्हणजे तिला हवं तिथे थांबता येत नाही. ब्रेकचा लायनर झिजला आहे. सायकलच्या ब्रेकचं रबर संपतं, तसंच समजा. आज दोन बोटं आहेत. उद्या दार उघडं असताना, कुणाचा एक पाय आत आणि एक बाहेर असताना ती सरकली तर? कारागिराने कंपनीत दोनदा सांगितलं होतं. त्याला उत्तर मिळालं, की आत पाटी लावली आहे, कुणाची तक्रार नाही, मग चालू दे. तुमची पाटी इतकी छान निघाली बाबा, की दुखणंच झाकलं गेलं. रागावू नका.

पायाकडे माणसाने बघावं, मान्य. पण थांबणं हे लिफ्टचं काम आहे. तिचं काम लोकांच्या गळ्यात मारलं आणि ते निमूटपणे करत राहिले, तर ती जबाबदारी कसली? ती नुसती सवय झाली.

किल्ली खरं तर कारागिराकडे द्यायची. पण त्याच्यावर वकीलसाहेबांचा जोर चालला असता. तुमच्यावर कुणाचाच चालत नाही, हे मी लहानपणापासून सोसत आले आहे.

आत्या सहा मजले कशी चढणार, हा विचार मीही केला. तरी माझं उत्तर तेच, नवा भाग बसेपर्यंत कुलूप काढायचं नाही. आईला सांगा, जेवते. जेवढा लोभ शिल्लक असेल तेवढा सांभाळून ठेवावा.

तुमची
खटपट


ता. २२ फेब्रुवारी

चि. खटपटीस,
आत्याचे पोटभर आशीर्वाद.

तुझा बाप तुला हे लिहिणार नाही, म्हणून मी लिहिते. आणि लिहिते ते तळमजल्यावरून, शिंपीणबाईंच्या खाटेवर बसून. सहावा मजला मला अजून दिसलेला नाही.

परवा दवाखान्यातून आले. दारात सगळी इमारत हजर. आधी मला खुर्चीत बसवून वर न्यायचं ठरलं, पण दातांची डॉक्टर म्हणाली, की वळणावर खुर्ची कलली तर दुसरा खुबाही जाईल. मग सगळे तुझ्या बापाच्या मागे लागले, की किल्ली फिरवा, एकदाच वर नेऊ आणि पुन्हा बंद करू, एका खेपेने काय होतंय? खोटं कशाला बोलू, मीसुद्धा म्हटलं. म्हटलं, मी तुला कडेवर घेऊन वाढवलं आहे, माझ्यासाठी एवढं कर.

तो तळमजल्यावरच्या स्विचच्या खोलीकडे गेला. बराच वेळ झाला तरी येईना, म्हणून शिंपीणबाई बघायला गेल्या. हा बाबा उलट्या बादलीवर बसलेला, किल्ली हातात, कुलूप समोर. त्यांना म्हणाला, की माझ्या सहीच्या कागदावर मी दुसऱ्याला खाडाखोड करू देत नाही, मग तिच्या सहीवर मी कशी करू? बाहेर आला तेव्हा चेहरा पडलेला होता आणि कुलूप जागच्या जागी होतं. माझ्यासमोर उभा राहिला आणि नाही म्हणाला. जन्मात पहिल्यांदा मला नाही म्हणाला गं. मी त्याच्याशी दुपारभर बोलले नाही. संध्याकाळी मात्र मनात आलं, भाऊ आपला ताठ निघाला आणि भाची त्याच्याहून ताठ. तेव्हापासून येईल जाईल त्याला तुमच्या दोघांची गोष्ट सांगते आहे. तुझा बाप लोकांना मुलगी मोठ्या कंपनीत आहे एवढंच सांगतो. मी मात्र ती तिथे काय करते तेही सांगते.

इथे माझं बरं चाललं आहे. बसल्या बसल्या काजं करते, गिऱ्हाइकांना मापं देताना पोट आत घेऊ नका म्हणून सांगते. माझी काळजी करू नकोस, बापाला दोन ओळी लिही. माया आहे तशी राहू दे.

तुझी आत्या


ता. २७ फेब्रुवारी

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

आत्याचं पत्र आलं. बादलीचंही कळलं.

ती घरी यायची त्या दिवशी माझं कामात लक्ष नव्हतं. "एकदाच चालवा" असा निरोप मी मोबाइलवर टाइप केला होता. मग वाटलं, परक्या कुणाच्या आत्यासाठी मी हे लिहिलं असतं का? पुसून टाकला. तुम्ही तिकडे बसला होतात तेव्हा मी इकडे तशीच बसले होते.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगते. लोक विचारतील, की खरंच काही झालं असतं का? मला माहीत नाही. कदाचित वर्षभर काहीच झालं नसतं. तुम्ही एवढं सोसलंत आणि माझ्याकडे दाखवायला पुरावा नाही, याचं वाईट वाटतं. पण तुम्ही माझी सही राखलीत. माझे वडील कोण आहेत, हे आज वर्कशॉपमध्ये सगळ्यांना सांगितलं.

लोभ मागत नाही, तो पोचला.

तुमची
खटपट


ता. ९ मार्च

चि. खटपटीस,
अनेक आशीर्वाद.

काल लिफ्ट सुरू झाली. कारागिराने लायनर बदलला, रिकाम्या फेऱ्या मारून बघितल्या, मग मी कुलूप काढलं. खाली ही गर्दी. पण गंमत अशी, की महिनाभर लिफ्ट लिफ्ट करणाऱ्यांपैकी एकही जण आत पाऊल टाकेना. वकीलसाहेब म्हणाले, की पहिला मान सचिवांचा. मी आत्याचा हात धरला, आत शिरलो आणि सहाचं बटण दाबलं.

वर दार उघडल्यावर मी वाकून उंबऱ्यावर फूटपट्टी आडवी ठेवली. केसभरही फरक नाही. आत्या म्हणाली, की पेपर तपासून झाला असेल तर मला घरी जाऊ दे. मी तोंड फिरवून चष्मा पुसला.

संध्याकाळच्या सभेत वकीलसाहेबांनी तोच प्रश्न विचारला, की खरंच काही झालं असतं का? मी उभा राहिलो आणि सांगितलं, की माझी मुलगी म्हणते, तिला माहीत नाही. माहीत नसताना तिने माणसं त्यात बसू दिली नाहीत, आणि याहून चांगलं उत्तर मला आजवर एकाही विद्यार्थ्याने दिलेलं नाही. मग दातांच्या डॉक्टरने विचारलं, की तिच्या दवाखान्याच्या इमारतीतली लिफ्ट तू कधी बघशील?

माझी पाटी काढून टाकली आहे. तरी उतरताना सगळे अजून पाय उंच उचलतात, समोर काही नसताना. मीही उचलतो. तुझी सहीची पाटी कारागीर परत मागत होता, दिली नाही. घरात लावावी म्हणतो, पण तुझ्या आईचं म्हणणं, जेवताना समोर "धोका" नको.

दबलेला लोभ पुन्हा वर आला आहे आणि अगदी मजल्याला लागून थांबला आहे. पुढच्या सुट्टीत ये.

लिफ्टवालीचे बाबा