आकडा नसलेलं सगळं

२ नोव्हेंबर १९८७, सोमवार
उत्तराने आमच्या ऑफिसातली टायपिस्टची नोकरी सोडली. रविवारी तिला बघायला भांडुपला पाहुणे येणार. जाताना मला म्हणाली, कॉलेज पूर्ण कर रे. म्हणजे वाट बघणार! अर्थ उघड आहे.
संकल्प : रविवारच्या आत फोन करून मनातलं सांगायचं. नंबर कुणाकडे मागणार नाही. स्वाभिमान आहे.

३ नोव्हेंबर
मिक्सर कंपनीची वॉरंटी कार्डं आमच्याच कॉम्प्युटरवर. तिच्या बाबांचंही! पण फोनच्या रकान्यात लोक वाट्टेल ते लिहितात. 'दुपारी झोपतो.' 'जोरात बोला.' साहेबांना नुसते आकडे हवेत. काम मागून घेतलं.

४ नोव्हेंबर
कॉम्प्युटरवरचं युनिक्स झकास. [0-9] म्हणजे कुठलाही आकडा. आत टोपी घातली, [^0-9], की आकडा नसलेलं सगळं. ते उडव म्हटलं, उडालं. एका ओळीत! ऑफिसातला भांडुपचा मधुकर म्हणाला, आधी फाइल वाचून तरी बघ, शहाण्या. जळतो.

५ नोव्हेंबर, दुपारी
फोन लावला. तिच्या बाबांनीच उचलला. कोण, काय काम, सुरू. डोकं तापलं. म्हटलं, उत्तराशी लग्न मी करणार, रविवारचं रद्द करा. ते शांतपणे म्हणाले, बरं, सांगतो तिला.
सासरे समजूतदार आहेत.

७ नोव्हेंबर
तिचा फोन नाही. लाजत असेल.
साहेब ओरडले. गिऱ्हाइकांना केलेले फोन भलत्याच घरी लागतायत. मधुकरने जुनी फाइल उघडली. तिच्या बाबांच्या नंबरापुढे : 'पीपी, जयवंत राणे, शेजारी, बोलावून देतील.' माझ्या टोपीने अख्खे राणे उडवले. मधुकर म्हणाला, वाट लागली यार, स्थळ राण्यांनीच आणलंय, मुलगा त्यांचा भाचा.
उद्या स्वतः भांडुपला जाणार. ठरलं.

८ नोव्हेंबर, रविवार
शर्ट इस्त्रीवाल्याकडे अडकला. शिवाय न बोलावता जाणं बरं दिसत नाही.

९ नोव्हेंबर
ठरलं तिचं. मधुकर सांगत होता, शनिवारी ती दोनदा राण्यांच्या दारात गेली होती. माझा काही फोन आला होता का, विचारायला. ते म्हणाले, नाही गं.

१८ जानेवारी १९८८
आकडे काढताना पीपी जपणारा नवा पॅटर्न लिहिला. नवी कार्डं. त्यात सौ. उत्तरा सावंत, दिंडोशी. मिक्सर आहेरात आला असणार.
नंबर पहिल्या फटक्यात निघाला. पुढे पीपी नाही. घरचाच फोन आहे.