गोपिकेची गोळी मी थांबवली

बुधवार, सकाळचे अकरा

देवरावची आई,

सूनबाईला, आपल्या गोपिकेला, घेऊन मी मोठ्या दवाखान्यात जातो आहे. तुला विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस आणि मी नेहमीसारखा गप्प बसलो असतो. म्हणून तू देवळातून यायच्या आत निघालो.

तिला एक दिवसाआड, दुपारी बाराच्या सुमारास थंडी वाजून ताप येतो. सहा तारखांवर मी कॅलेंडरात पेन्सिलीने खुणा केल्या आहेत, त्या पाहा. आपल्या डॉक्टरांनी मागे आधी गोळ्या दिल्या आणि रक्त तपासलं चार दिवसांनी. गोळ्या पोटात गेल्यावर मलेरियाचे जंतू रक्तात दिसेनासे होतात, मग त्यात काय सापडणार? रिपोर्टात काही निघालं नाही, तेवढ्यावरून तू म्हणालीस, "काम दिसलं का हिले थंडी वाजते." आणि ती बिचारी तुझ्या धाकाने मला म्हणते, "मले काही नाही झालं, मामाजी. आत्याबाई रागावतील."

काल आणलेली गोळ्यांची पुडी मी तिला उघडू दिली नाही. आधी दवाखान्यात तपासायला रक्त काचेवर घेऊ दे, मग औषध.

मी डॉक्टर नाही. जन्म शाळेच्या लायब्ररीत गेला, जे कळतं ते वाचलेलं. माझं चुकूही शकेल. चुकलं तर मला काय वाटेल ते बोल. पण रिपोर्ट काहीही येवो, तिला सोंग करते म्हणायचं नाही.

आणि मलेरिया निघाला तर औषध पूर्ण होईस्तोवर ती पडून राहील. घरचं धुणं मी धुईन, समोरच्या नळावर, सगळ्यांच्या देखत.