खालून कापलेली बातमी

इंदिरानगर, नाशिक
शुक्रवार, १० फेब्रुवारी १९८४

प्रिय दादास,

लताचा सप्रेम जय भीम. सुलावहिनींना आणि आईलाही सांग. आईचा गुडघा आता कसा आहे? मी पाठवलेलं तेल ती लावते की फडताळात जपून ठेवते?

इकडे भिमामावशी बरी आहे, तिचं तोंडही उत्तम चालतं. इंदिरानगर अजून अर्धंच झालंय. नगर फक्त पाटीवर, पाटीच्या मागे ज्वारी. पण नळाला पाणी येतं, त्यामुळे मावशी खूश आहे.

आता मुख्य. आमच्या पत्रकारितेच्या पूर्वपरीक्षेचा निकाल काल लागला. मुख्य गोष्ट इतकी खाली लिहिली म्हणून यादव सरांनी माझे दोन मार्क कापले असते. हे सर दिवसा एका साप्ताहिकात काम करतात आणि संध्याकाळी आम्हाला शिकवतात. त्यांचं म्हणणं, सगळ्यात महत्त्वाचं ते पहिल्या ओळीत, मग कमी महत्त्वाचं, मग त्याहून कमी. पानात जागा पुरली नाही की संपादक विचार करत बसत नाही, खालून कात्री लावतो. म्हणून खाली असंच काहीतरी ठेवायचं की जे गेलं तरी चालेल.

तर निकाल असा. वृत्तपत्रांचा इतिहास ४७. कायदा आणि आचारसंहिता ३९, म्हणजे काठावर. आणि वृत्तलेखन ८२! वर्गात पहिली. सरांनी माझी बातमी सगळ्यांसमोर वाचून दाखवली. मागच्या बाकावरचे दोघे नेहमी माझ्या बोलण्याला हसतात, ते गप्प बसून ऐकत होते. मला तर कुठे बघावं कळेना. या वर्गाला मी जावं म्हणून तू आईशी आठ दिवस भांडला होतास. "आपल्या लोकांच्या बातम्या आपल्या माणसानं लिहायला नको का?" असं म्हणाला होतास. ते आठवत होतं सारखं.

बातमी कशावर लिहिली ते भेटल्यावर सांगेन. एका शाळेवर होती, एवढंच. बाकी विशेष काही नाही.

सरांचं साप्ताहिक कळवणला येतं का रे? सहज विचारलं.

तुझी, पहिली आलेली,
लता

*

इंदिरानगर, नाशिक
रविवार, ४ मार्च १९८४

प्रिय दादास,

सप्रेम जय भीम. सर्वांची प्रकृती ठीक असेल अशी आशा आहे. इकडे ऊन आत्तापासूनच तापायला लागलंय. मावशीनं कुरडयांचे गहू भिजत घातलेत.

तुझं पत्र गुरुवारी मिळालं. मावशी म्हणाली, "काय लिहितोय भिकन?" मी म्हटलं, सगळे खुशाल आहेत. "मंग तुझं तोंड का उतरलं गं? खुशाल हायेत तर हसावं माणसानं," म्हणाली आणि माझ्याकडे बघत बसली. तेव्हापासून तीन पत्रं लिहून फाडली. एकात तर पूर्ण पानभर फक्त आईच्या गुडघ्याची चौकशी होती.

तू लिहिलंयस की शिक्षणखात्याचे विस्तार अधिकारी पेपरातलं कात्रण घेऊनच तुझ्या आणि रंगनाथ गुरुजींच्या वाडीच्या शाळेत आले. हजेरीपट उघडला, त्यावर बेचाळीस पोरं हजर आणि वर्गात अकरा. १४ तारखेला चौकशी आहे आणि त्यात तू लेखी देणार आहेस की खोट्या हजेऱ्या रंगनाथ गुरुजींनी मांडल्या. कारण पेपरला बातमी त्यांनीच दिली, अशी तुझी खात्री आहे.

तुझी वाक्यं मला आता पाठ झालीत. "नऊ वर्षं एका डब्यात जेवलो. वाडीत पहिल्यांदा आलो तेव्हा मला पाणी द्यायला लोक मागंपुढं बघत होते, तेव्हा ह्यानं सगळ्यांसमोर माझ्या तांब्यातलं पाणी प्यायलं. शेवटी तोही जातीवरच गेला." आणि त्याच्या खाली, "ही गोष्ट तिघांनाच ठाऊक होती. मला, रंगनाथला आणि तुला. म्हणजे दोघांनाच."

दादा, तसं लिहून देऊ नकोस. बातमी मी लिहिली.

हे वाक्य लिहिल्यावर उठून पाणी पिऊन आले. आता सगळं सांगते, आणि मध्ये स्वतःची बाजू घ्यायला लागले तर ते तेवढं वाचू नकोस.

संक्रांतीला मी घरी आले होते, तेव्हाची गोष्ट. तू ओट्यावर हजेरीपट घेऊन बसला होतास आणि नावांपुढे भराभर हजर मांडत होतास. मी हसून म्हटलं, गुरुजी, ही पोरं तर मला बांधाबांधानं कांदे लावताना दिसली. रंगनाथ गुरुजी तिथेच शेंगा फोडत बसले होते. ते म्हणाले, "लता, हजेरी घसरली तर वरचे लोक एक गुरुजी काढून नेतील. मंग चार इयत्ता एकानं कशा हाकायच्या? लागवड संपली की येतील पोरं. कांदा काय वर्षभर लावत नाय कोणी." आणि तू मला दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला उठवून शाळेत नेलंस. थंडीनं दात वाजत होते. पडवीत पोरं घोंगड्या पांघरून बसली होती, एकूणएक. सहा ते आठ तुम्ही दोघं शिकवायचात आणि मग ती रोपांच्या पाट्या घेऊन शेतावर जायची. मी मोजली होती. बेचाळीस नाही, पण एकोणचाळीस होती. दुपारी वर्गात डोकावले तेव्हा नऊच उरली होती.

पूर्वपरीक्षेत प्रश्न आला, तुमच्या माहितीतल्या एका स्थानिक प्रश्नावर तीनशे शब्दांत बातमी लिहा. हॉलमध्ये सगळे विचार करत होते. कोणी पाणीटंचाई, कोणी खड्डे. माझा पेन आपोआप चालायला लागला. "हजेरीपटावर बेचाळीस, वर्गात नऊ!" हा मथळा माझाच आहे. वाडीचं नावही मीच लिहिलं, कारण यादव सर गावाचं नाव नसलं की पाच मार्क कापतात. म्हणतात, नाव-गाव नसेल तर ती बातमी नाही, पारावरच्या गप्पा. त्या क्षणी मला ती उत्तरपत्रिका वाटली. उत्तरपत्रिका कोण वाचतं, तपासून झाली की रद्दीत जाते, असं मी स्वतःला सांगितलं.

सकाळच्या शाळेचंही लिहिलं होतं रे. शपथेवर सांगते, लिहिलं होतं. शेवटच्या परिच्छेदात. छापताना जागा कमी पडली आणि त्यांनी रीतीप्रमाणे खालून कापलं. छापून आलेल्या बातमीत ती पडवी नाही, घोंगड्या नाहीत, तुम्ही दोघं नाहीत. दोन लबाड मास्तर तेवढे उरले.

इथे थांबले असते तर तू कदाचित म्हणाला असतास, पोरीची चूक नाही, कात्रीची आहे. म्हणून पुढचंही सांगते.

तो परिच्छेद शेवटी ठेवायचा हे मी ठरवून केलं. आधी तो दुसऱ्या क्रमांकावर होता. कच्च्या कागदावर वाचून बघितलं तर बातमीतला जोर जात होता. मास्तर सकाळी सहाला शिकवतात म्हटल्यावर कोणाला राग येणार? म्हणून खाली ढकलला. गेलं तरी चालेल असं जिथे ठेवायचं, तिथे मी तुला ठेवलं.

आणि अजून एक. निकालाच्या दिवशी वर्ग सुटल्यावर सरांनी मला थांबवलं. म्हणाले, "हे खरं असेल तर आपण छापू. गाव खरं आहे ना? तुमच्या ओळखीचं कोणी अडचणीत येणार नाही ना?" त्यांनी सरळ विचारलं, दादा. दारात उभे होते, हातात छत्रीसारखी गुंडाळी केलेले पेपर होते, मला सगळं आठवतं. मी म्हटलं, "नाही सर, कोणी नाही. छापा." दुसऱ्या दिवशी तुला ते पत्र लिहिलं, पहिली आले म्हणून. साप्ताहिक कळवणला येतं का हे मी सहज विचारलं नव्हतं.

कायद्याच्या पेपरात मला ३९ मिळाले ना, त्यातला एक प्रश्न होता, ज्याने विश्वासाने माहिती दिली त्याच्याबाबत पत्रकाराचं कर्तव्य काय. त्या एका प्रश्नाला मला पैकीच्या पैकी मार्क आहेत. वृत्तलेखनानंतर दोनच दिवसांनी तो पेपर होता. सगळं मुद्देसूद लिहिलंय, खाली रेघाही मारल्यात. ती उत्तरपत्रिका माझ्यासमोर आहे आणि मला तिची किळस येते.

काल मी सरांकडे गेले आणि खरं सांगितलं. त्यांनी छापलेली बातमी काढून पुन्हा एकदा वाचली. मग म्हणाले, "तुमचे ब्याऐंशी मार्क मी कमी करू शकत नाही, पण मी ते द्यायला नको होते." खुलासा ते छापणार आहेत. तो मीच लिहिलाय, सकाळच्या शाळेपासून सुरुवात केलीय आणि शेवटी काहीच कापण्यासारखं ठेवलेलं नाही. खाली माझं पूर्ण नाव आहे, कारण आधीच्या बातमीवर नुसतं "आमच्या वार्ताहराकडून" होतं. त्याची नक्कल मी विस्तार अधिकाऱ्यांच्या कचेरीत रजिस्टर पोस्टानं पाठवली. त्यानं हजेरीपट खरा होणार नाही, हे मला कळतं. तुमची नोकरी त्यानं वाचेल की नाही, मला माहीत नाही. पण ज्या माणसानं तुझ्या तांब्यातलं पाणी प्यायलं, त्याच्यावर तू खोटं लिहून दिलंस, हे तरी माझ्यामुळे व्हायला नको. तुझ्या हातून कधी कोणावर खोटं लिहिलं गेलेलं नाही. पोरांच्या हजेऱ्यांचं खोटं वेगळं होतं, ते मी समोर बसून बघितलंय.

शनिवारी, १० तारखेला सकाळच्या कळवण गाडीनं येते. आधी तुझ्याकडे येणार नाही. स्टँडवरून सरळ रंगनाथ गुरुजींच्या घरी जाईन, त्यांच्या आणि त्यांच्या मंडळींच्या समोर सांगेन. ते दारात उभं करतील की आत घेतील, त्यांची मर्जी. मग तुझ्या ओट्यावर येऊन बसेन. तू आत बोलावलंस तर येईन, नाही बोलावलंस तर दुपारच्या गाडीनं परत जाईन. वहिनींना म्हणावं, माझ्यासाठी भाकरी टाकू नका. आईला तूच सांग, माझ्याच्यानं होणार नाही.

मुख्य परीक्षा एप्रिलमध्ये आहे. तिला बसावं की नाही, ते मी तुला विचारणार होते, पण विचारत नाही. तो प्रश्नसुद्धा तुझ्यावर टाकायचा मला हक्क नाही.

फक्त एवढं कर. पत्र वाचून झालं की तुझं ते वाक्य परत एकदा मोज. तिघांनाच ठाऊक होतं, म्हणजे दोघांनाच, असं तू लिहिलंस. मला धरायचं तुझ्या मनातसुद्धा आलं नाही. दादा, आता धर.

त्या तिघांतली तिसरी,
लता धोंडीराम पगारे