गोठ्यातले बूट

प्रिय बाबा,

आईला ताप आलाय. दवाखान्यात आहोत, रक्ताचा रिपोर्ट यायचाय. जीव थाऱ्यावर नाही, आणि तक्रार तुमच्याबद्दलच आहे, म्हणून तुम्हालाच लिहितेय.

"लक्ष्मीच्या घरात चपला घालून जातं काय वं कोनी?" गोठ्याच्या दारात किती वेळा ओरडलात माझ्यावर! मागच्या पुरात नाल्याचं पाणी गोठ्यात शिरलं, तरी तुम्ही अनवाणीच उतरलात. उंदरांची बिळं बुडालेली, गुरांचं मूत त्याच पाण्यात, आणि तुमच्या टाचांना ह्या भेगा!

मग ताप आला. पोटऱ्या दुखून उभं राहवेना. डॉक्टरांना काय सांगितलंत? "पावसात भिजलो, दुसरं काई नाई." गोठ्यातल्या पाण्याबद्दल अवाक्षर नाही! डोळे पिवळे पडल्यावर बुलढाण्याला नेलं, तेव्हा कळलं, लेप्टो, उंदरा-गुरांच्या मुताच्या पाण्यातून, पायाच्या भेगांतून अंगात शिरणारा ताप. फार उशीर झाला होता. एवढं साधं सांगता येत नव्हतं का हो? मला अजून तुमचा राग येतो.

मागच्या आठवड्यात पुन्हा पाणी शिरलं. मी अमडापूरच्या बाजारातून गमबूट घेऊनच माहेरी आले. आईने हात लावला नाही.

"तुह्या बाबानं जलमभर पाळलं, आन् मी मोडू?"

"पाळलं म्हणूनच गेले ना!" मी बोलून गेले.

मग तिने बूट उलटेपालटे करून पाहिले. "हे बाहेर कोनी घातले तं नाई ना?"

"नाई वं, कोरे हायेत."

"मंग यायले गोठ्यातच ठेवू. बाहेर घालाचे नाई."

आता ते दाराशी, बैलांच्या घुंगरमाळांशेजारी टांगलेत. पायात घालण्याआधी आई त्यांना नमस्कार करते. हसावं की रडावं, सांगा!

पण मी येण्याआधीच ती एकदा त्या पाण्यात उतरली होती. पायात काटा मोडलेला. हे आज सांगतेय, अंग तापल्यावर! मी तशीच तिला दवाखान्यात आणलं.

डॉक्टरांपुढे तिने सुरुवात केली, "पावसात..." मी पुढे बोलूच दिलं नाही. पुराचं पाणी, गोठा, काटा, तुमचं जाणं, सगळं सांगून टाकलं. त्यांनी रिपोर्टची वाट न बघता औषध सुरू केलं. मी सारखी तिचे डोळे बघतेय. ती वैतागलीय.

बाबा, शब्द देते. बाहेरची चप्पल तुमच्या गोठ्यात जाणार नाही. पण पुराचं पाणी शिरलं, की अनवाणी पायही कुणाचा जाणार नाही. एवढं मी सांभाळते. तुम्ही फक्त आईला इतक्यात बोलावू नका.

तुमची,
शीला