डाव्या बाजूची गाठ

१४ जुलै
मेडिकल कॉलेजात पोरांची परीक्षा. मी त्यांच्यापुढची खोटी पेशंट. माझं ठरलेलं सोंग: उजवीकडं अपेंडिक्स, दोन दिवस दुखतंय, दोनदा उलटी. सहा वर्षं हेच कण्हणं. सगळी पोरं उजवीकडं दाबून गेली. गंगापूरची स्वाती मात्र डावीकडंच चाचपत बसली. "मावशी, इथं गाठ लागतीय." सोंगाच्या कागदात डावीकडं काहीच नाय! परीक्षा घेणाऱ्या सर्जन मॅडमनी स्वतः हात ठेवला, जरा थांबल्या. "चला, पुढची." मार्कांचं पान मलाही देतात. स्वातीला मी फुली मारली. पोरगी रडत गेली. पण नियम तो नियम.

२ ऑक्टो.
भूक मेलीय. सूनबाई म्हणते, "आई, ब्लाउज लई ढिला झाला तुमचा." म्हटलं, वय.

९ ऑक्टो.
स्वाती घर शोधत आली. "मावशी, सोनोग्राफीत काय निघालं?" कसली सोनोग्राफी? पोरीचा चेहरा उतरला. "मॅडम म्हणाल्या, मी सांगते त्यांना, तू बोलू नकोस, घाबरतील." तीन महिने होत आले. आणि मी हिलाच फुली—
चहा उतू गेला. दुसरा ठेवला, तिला पोळी खाऊ घातली. आणखी काय करणार.

११ ऑक्टो.
सोनोग्राफी करून आले. गाठ आहे. पेरूएवढी. जुलैत केवढी होती ते मॅडमच्या हातालाच ठाऊक.

१३ ऑक्टो.
मॅडमकडं गेले. मॅडमच्याच बाळंतपणात डिंकाचे लाडू मी वळलेले.
"परीक्षा चालू होती मावशी. नंतर सांगणारच होते."
"मधी आणखी दोन परीक्षांना तुमच्याच टेबलावर झोपले की. तवा?"
खाली बघत म्हणाल्या, "तुमच्यासारखं सोंग कुणी करत नाही. म्हटलं, एवढ्या परीक्षा उरकू द्याव्यात."
केसानं गळा कापला बाईनं. आणि निघताना सवयीनं मीच म्हणाले, "येते हं, जेवून घ्या."

१५ ऑक्टो.
सकाळी मॅडमचा फोन, सूनबाईकडं. ऑपरेशन मीच करते म्हणतात, दुसऱ्याच्या हाती देणार नाही. हात चांगला आहे त्यांचा, खोटं कशाला लिहू. पण मला झोपवल्यावर समोरचं माणूस काय बघतंय, काय लपवतंय...
सूनबाई फोनवर तळवा दाबून उभी. "आई, लायनीवर आहेत. व्हय म्हणू का नाय?"
म्हटलं, एवढी मेथी निवडून होऊ दे.