तुमच्या जागी वकिलाच्या बाकावर

प्रिय आई,

उद्या कोर्टाची तारीख आहे आणि माझं कशातच लक्ष लागत नाही. स्वरा खाली खेळतेय. पीठ मळून ठेवलंय, पण गॅस पेटवायला हात पुढे होत नाही. मैत्रिणी म्हणतात, होईल सगळं नीट. तुम्ही असतात तर आधी विचारलं असतंत, वकील काय बोलला? म्हणून तुम्हालाच लिहायला बसले.

काही बोलला नाही, आई. तुम्ही गेलात आणि त्याने माझा फोन उचलणंच सोडलं.

घटस्फोट मागणाऱ्या सुनेबरोबर सासू घर सोडून कशी आली, हे लोक मला अजून विचारतात. मी काय सांगू? त्या दिवशी तुमच्या सचिनने माझा हात पिरगळला, मी स्वराला कडेवर घेऊन दारात आले, तर तुम्ही तुमची पिशवी भरून आधीच अंगणात उभ्या होतात. "मी पन येतंय," म्हणालात. "मला नाय राहायचं तितं." रोडपालीच्या या खोलीत आपण तिघी अशा आलो.

वकीलही तुम्हीच शोधलात. तुमच्या माहेरचा, आपटा गावचा. मला दुसरा कोणी हवा होता, पण तुम्ही म्हणालात, आपला माणूस बरा. कशाला ऐकलं हो मी तुमचं?

तुमच्यापुढे मात्र त्याचं काही चालत नसे. त्याने फोन उचलला नाही की तुम्ही पनवेलची बस पकडायचात आणि त्याच्या ऑफिसबाहेरच्या बाकावर जाऊन बसायचात. भांडण नाही, तक्रार नाही. मावशी कोणाकडे आल्या, असं कोणी विचारलं की सांगायचात, भाच्याकडे. शेवटी तोच ओशाळून बाहेर यायचा. तुम्ही साक्ष देणार होतात, सख्ख्या मुलाविरुद्ध. माझी सगळी भिस्त त्यावर होती. आणि एका सकाळी चहा घेता घेता छातीत कळ आली काय, तुम्ही गेलात काय!

तुमचं कार्य झालं आणि सचिनने कोर्टात अर्ज टाकला. बायको कामावर जाते, आता घरात मुलीकडे बघायला कोणी नाही, म्हणून मुलगी माझ्याकडे द्या. त्या अर्जाला उत्तर द्यायचं होतं. मी मेसेज करायचे, निळ्या खुणा दिसायच्या, उत्तर नाही. त्याच्या ऑफिसातला मुन्शी म्हणायचा, साहेब अलिबागच्या कोर्टात गेलेत. रोज कोणी कसं अलिबागला जाईल, आई? रात्री स्वराचा हात धरल्याशिवाय मला झोप येईना.

मागच्या तारखेलाही तो आला नाही. आपलं नाव पुकारलं. सचिनचे वकील म्हणाले, बाईंना केसमध्ये रसच नाही. मी उभी राहिले. "मॅडम, माझे वकील फोन उचलत नाहीत," मी म्हणाले. "पण मी आलेय. आणि माझी मुलगी मला हवी आहे." जज बाईंनी माझ्याकडे नीट पाहिलं. वकील बदलता येतो, म्हणाल्या. ऐपत नसेल तर याच इमारतीत मोफत वकील मिळतो. मग पुढची तारीख दिली.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून मी जाऊन बसले, तुमच्या जागी, त्याच बाकावर. दुपारी तो बाहेर आला आणि त्याने खरं काय ते सांगितलं. सचिनच्या चुलत भावांची जमिनीच्या मोबदल्याची केस त्याच्याकडे आलीय. त्यांनी बजावलं होतं, एक तर आम्ही, नाही तर ती. त्याला त्यांनाही नाही म्हणता येईना आणि मलाही. मग तेव्हाच का नाही सांगितलंत, मी विचारलं.

"मावशी असती तर तिला सांगितलं असतं," तो खाली बघत म्हणाला. "पण तुम्हाला तोंड दाखवायची लाज वाटली."

मी भांडले नाही. दुसरा वकील करायला हरकत नाही असं त्याच्याकडून लिहून घेतलं, फाईल घेतली आणि निघाले. 

कोर्टातून मोफत मिळालेली नवी वकील तरुण मुलगी आहे. पहिल्या रिंगला फोन उचलते, आणि मलाच वाटतं, आता काय सांगतेय! उत्तर तिने दाखल केलंय. मी सकाळची पाळी मागून घेतली, स्वरा शाळेतून येते तेव्हा मी घरी असते, हे सगळं त्यात आहे. पण निकाल काय लागेल याची खात्री देता येत नाही, असंही ती म्हणते. तुमची साक्ष आता कोण देणार?

एक राहिलंच. मागच्या तारखेला कोर्टातून निघताना सचिन व्हरांड्यात समोर आला. मी अंग चोरून उभी राहिले. त्याने हळूच विचारलं, "आई माझ्याबद्दल काही बोलायची का?"

"रोज संध्याकाळी विचारायच्या," मी म्हणाले. "त्यो जेवला असंल का?"

तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. त्याच्या वकिलांनी हाक मारली तसा गेला. अर्ज काही मागे घेतला नाही.

आई, उद्या मला विचारलं तर जे घडलं ते सगळं सांगेन, त्याच्याकडे बघून सांगेन. स्वरासाठी शेवटपर्यंत भांडेन. पण घरी तिच्यासमोर तिच्या बापाला नावं ठेवणार नाही. तुम्ही कधी ठेवली नाहीत. हा माझा शब्द.

तुमची,
वैशाली